पुण्यात नवीन आलात? फुकट आणि स्वस्तात काय काय मिळतं आणि ते मिळवायचं कसं

आमच्या बिल्डिंगमध्ये दर जूनला दोनतीन तरी नवीन बिऱ्हाडं येतात, कुणी बीडचं, कुणी लातूरचं, कुणी जळगावचं, आणि पहिल्या महिन्यातच सगळ्यांचा एकच डायलॉग, "ताई, पुण्यात श्वास घ्यायलासुद्धा पैसे लागतात." मीपण हेच म्हणायचे. २०११ ला बार्शीहून आले, धनकवडीत एक खोली घेतली आणि पहिली तीन वर्षं नुसती खिशाला कात्री, नंतर हळूहळू कळत गेलं की बऱ्याच गोष्टी इथे फुकट किंवा नावापुरत्या पैशात मिळतात, फक्त कुणी हाक मारून सांगत नाही. कुठली खिडकी, किती वाजता आणि हातात कुठला कागद, एवढं माहीत असलं की निम्मं काम झालंच समजा. म्हणून ज्या क्रमाने करायला पाहिजे त्या क्रमाने लिहितेय, मी उलट्या क्रमाने केलं आणि लय चकरा मारल्या.

आधी कागद, मग बाकी सगळं

घरमालक म्हणेल "अ‍ॅग्रीमेंट कशाला, घरच्यासारखंच आहे की", ऐकू नका. नोंदणी केलेला भाडेकरार पाहिजेच, नोटरीवाला चालेल असं लोक सांगतात पण आधारवरचा पत्ता बदलायला गेलात की तिथे अडतं. पत्ता बदलायची फी ७५ रुपये आहे, पोरांचं सक्तीचं बायोमेट्रिक फुकट असतं, त्यामुळे कुणी सेंटरवाला पाचशे मागत असेल तर पावती दे म्हणा, लगेच आवाज खाली येतो.

दुसरा कागद म्हणजे उत्पन्नाचा दाखला. हा तहसीलदाराचा लागतो, कंपनीच्या लेटरहेडवरचा नाही. आपले सरकार पोर्टलवरून स्वतः अर्ज करता येतो, मोबाईलवर फोटो अपलोड करताना साईझचा वैताग येतो पण होतं. नवीन लोकांची गोची अशी की रेशनकार्ड आणि तलाठ्याकडची नोंद सगळी गावाकडे, इथे अर्ज केला की रहिवासाचा पुरावा अजून आण म्हणतात, त्यापेक्षा दिवाळीला किंवा जत्रेला गावी गेलात की तिथल्याच तहसीलातून दाखला काढून आणा. आणि तारीख बघा, एक वर्षाचा दाखला ३१ मार्चला संपतो, एप्रिलमध्ये जुना घेऊन खिडकीवर उभं राहण्यात अर्थ नाही (मी राहिलेय). प्रतिज्ञापत्राला ५०० चा स्टॅम्प पेपर लागतो असं बाहेर बसलेले एजंट अजून सांगतात, सरकारी दाखल्यांसाठी तो लागत नाही, शासनाने २०२५ मध्ये पुन्हा स्पष्ट सांगितलंय.

या दोन कागदांच्या आणि आधार, रेशनकार्डाच्या पाच पाच झेरॉक्स काढून एका प्लास्टिकच्या फाइलीत ठेवा आणि ती फाइल घरात सगळ्यांना माहीत असेल अशा जागी ठेवा, कारण ती लागते तेव्हा नेमके आपण घरी नसतो.

रेशन: कार्ड गावाकडचं असलं तरी चालतं

हे कितीतरी जणांना माहीतच नाही. तुमचं कार्ड अंत्योदय किंवा प्राधान्य कुटुंबात असेल तर ते नांदेडचं असो नाहीतर धुळ्याचं, धान्य पुण्यातल्या कुठल्याही रेशन दुकानात मिळतं, कार्ड ट्रान्सफर करायची गरज नाही. अर्धं कुटुंब गावी आणि अर्धं इथे असेल तर थोडं तिकडे उचला थोडं इकडे, तेही चालतं. प्राधान्यवाल्यांना महिन्याला माणशी ५ किलो, अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो, आणि १ जानेवारी २०२३ पासून हे पूर्ण फुकट आहे, दोन रुपये तीन रुपये किलोवाला जमाना गेला. म्हणजे कुणी "पोत्याचे दहा रुपये" म्हणत असेल तर मशीनमधून निघालेली पावती मागायची, त्यावर किती धान्य आणि किती पैसे सगळं छापलेलं असतं.

अट एकच, सगळ्यांचं आधार रेशनकार्डाला जोडलेलं आणि ई-केवायसी झालेलं पाहिजे. आणि अंगठा उमटला पाहिजे, जो आमच्या सासूबाईंचा उमटायचा नाही. त्यांनी आयुष्यभर चार घरची भांडी घासलीत, बोटं नुसती गुळगुळीत झालीत, मशीनवर ठेवलं की लाल लाईट आणि मागच्या रांगेतून "ओ आजी, आवरा की". शेवटी दुकानातल्या पोराने ओल्या फडक्याने बोट पुसायला लावलं आणि अंगठ्याऐवजी मधलं बोट ठेवायला सांगितलं, टुंग करून हिरवं. तेव्हापासून आम्ही सरळ मधल्या बोटापासूनच सुरुवात करतो. तुमच्या घरात असं कुणी असेल तर महिन्याच्या शेवटच्या दिवसावर जाऊ नका, रांग मोठी असते आणि सर्व्हरही नेमका तेव्हाच झोपतो.

केशरी कार्डावर धान्य मिळत नसलं तरी ते टाकून देऊ नका, पुढे दवाखान्यात ते सोन्याच्या भावाचं आहे. पांढरंसुद्धा.

तयार जेवणाचं म्हणाल तर १० रुपयांची शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली, दोन चपात्या, भाजी, वरण, भात. फक्त दुपारी मिळते आणि थाळ्या मोजून असतात, उशिरा गेलात तर भांडी धुताना दिसतील, शिवाय केंद्रं मधूनच बंदही पडतात म्हणून आधी एकदा बघून या आणि मगच भरवसा ठेवा. त्यापेक्षा पुण्याची खरी ओळख म्हणजे कष्टाची भाकर. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने १९७४ मध्ये सुरू केलेलं आहे, हमाल, रिक्षावाले, कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायका यांना परवडेल असं जेवण. झुणका भाकर, उसळ, वर कांदा. बाहेरच्या हॉटेलात चहा-वड्याला जेवढे जातात तेवढ्यात पोट भरतं. मार्केट यार्डकडे गेलात की कुणालाही विचारा, दाखवतील. तिथे टेबलावर कोण आयटीवाला आणि कोण हमाल काही कळत नाही, मला ते आवडतं. आणि कॅम्पात, गणेश पेठेत गुरुद्वारे आहेत, लंगरला कुणी जात विचारत नाही, डोकं झाकायचं, चप्पल बाहेर, ताटात घेतलेलं टाकायचं नाही बास.

भाजीसाठी मंडईत संध्याकाळी उशिरा जा. सकाळी जो भाव ऐकून घाम फुटतो तोच माणूस आठ वाजता "घ्या ताई, वाटा वीसला" करत असतो.

दवाखाना: इथे जरा नीट वाचा

साध्या तापा-खोकल्याला कोपऱ्यावरच्या डॉक्टरला चारशे पाचशे द्यायची गरज नसते. महापालिकेचे दवाखाने जवळपास प्रत्येक भागात आहेत, गर्दी सकाळी असते. १ मे २०२३ पासून "आपला दवाखाना"सुद्धा सुरू झालेत, त्यांची वेळ दुपारी २ ते रात्री १०, म्हणजे कामावरून सुटून जाता येतं, हा मोठा फरक आहे कारण रोजंदारीवाल्याला सकाळची ओपीडी म्हणजे एक दिवसाचा पगार. बाळांच्या लसी, गरोदरपणाच्या तपासण्या सगळं महापालिकेत होतं. कुत्रा चावला तर रेबीजचं इंजेक्शनही सरकारी दवाखान्यात मिळतं, आधी जखम साबणाच्या वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि मग पळायचं, हळद-मिरची लावत बसू नका.

मोठं काही असेल तर एक गंमत लक्षात ठेवा. औंधचं जिल्हा रुग्णालय सरकारच्या आरोग्य खात्याचं, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून या खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत पैसे घेत नाहीत. ससून मात्र वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, तिथे थोडी थोडी फी लागते. थोडी म्हणजे बाहेरच्या मानाने काहीच नाही, पण लोक "सगळं फुकट" समजून जातात आणि मग खिडकीवर वाद घालतात. ससूनला जायचं तर सकाळी ओपीडी उघडायच्या आधी केसपेपरच्या रांगेत उभं राहा, एकाने रांग धरायची आणि दुसऱ्याने पेशंटला बाकावर बसवायचं, एकटं गेलात तर हाल होतात.

आता मुख्य मुद्दा. महात्मा फुले जनआरोग्य योजना. पूर्वी मुख्यतः पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांना होती, २०२४ पासून महाराष्ट्रातलं कुठलंही रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला आहे, पांढरंसुद्धा, आणि आयुष्मान भारतसोबत जोडून वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत. हार्ट, कॅन्सर, किडनी, भाजणं, मोठी ऑपरेशनं असं ठरलेल्या यादीतलंच मिळतं, ताप-जुलाबाला नाही. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र नावाचा माणूस बसलेला असतो, अ‍ॅडमिट व्हायच्या आधी किंवा झाल्या झाल्या त्याच्याकडे जायचं, रेशनकार्ड आणि आधार दाखवायचं, तो ऑनलाइन मंजुरी मागवतो. टोल फ्री १५५३८८, कुठलं हॉस्पिटल योजनेत आहे ते तिथे विचारता येतं.

हे कॅशलेस आहे, म्हणजे आधी पैसे भरले आणि नंतर योजनेतून परत मागितले असं होत नाही. मी हे कसं शिकले तर २०१७ ला माझ्या मामांची अँजिओप्लास्टी झाली, हॉस्पिटलचं नाव नको, आम्ही सगळे घाबरलेले, भावाने गाडी गहाण टाकली, मी भिशी मोडली आणि एक लाख ऐंशी हजार भरले. डिस्चार्जच्या दिवशी लिफ्टची वाट बघत उभी होते तर मनी प्लँटच्या कुंडीमागे निम्मा झाकलेला बोर्ड, योजनेचा, वर आरोग्यमित्राचा नंबर. मामांचं कार्ड केशरी. ते कार्ड चार दिवस माझ्याच पर्समध्ये होतं! काउंटरवर विचारलं तर म्हणे "मॅडम तुम्ही आधी सांगायला पाहिजे होतं". तर तुम्ही आधी सांगा. अ‍ॅडमिशनच्या काउंटरवर पहिलं वाक्य हेच, "योजनेत बसतं का, आरोग्यमित्र कुठे बसतात."

यादीत बसलं नाही तरी एक दार उरतं. पुण्यातली बरीच मोठमोठी हॉस्पिटलं धर्मादाय ट्रस्टची आहेत, आतून कितीही फाइव्ह स्टार दिसू देत. कायद्याने त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी फुकट आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. वर्षाचं कुटुंबाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. इथेच तो तहसीलदाराचा दाखला लागतो, म्हणून मघाशी एवढं डोकं खाल्लं. हॉस्पिटलमध्ये समाजसेवक म्हणून एक पद असतं, बहुतेक मेडिकल सोशल वर्कर अशी पाटी असते, बिलिंगवाल्यांशी हुज्जत न घालता थेट त्यांच्याकडे जायचं आणि अर्ज लेखी द्यायचा, आपल्याकडच्या कॉपीवर सही-शिक्का घ्यायचा. "खाट शिल्लक नाही" म्हणाले तर धर्मादाय आयुक्तांच्या वेबसाइटवर किती खाटा रिकाम्या आहेत ते दिसतं, स्क्रीनशॉट काढून दाखवा. तरीही नाही म्हणाले तर ढोले पाटील रोडला धर्मादाय सहआयुक्तांचं ऑफिस आहे, तिथे तक्रार. आणि इमर्जन्सीला आलेल्या पेशंटला पैशासाठी दारात थांबवायचं नाही, आधी उपचार, हाही नियमच आहे.

महापालिकेची स्वतःची शहरी गरीब योजनापण आहे, पण तिला हद्दीत राहत असल्याचा पुरावा लागतो आणि कार्ड दरवर्षी काढावं लागतं, त्यामुळे अगदी नवीन आलेल्यांना लगेच जमेलच असं नाही, वर्षभराने विचार करा.

गोळ्या जनऔषधी केंद्रातून. डॉक्टर ब्रँडचं नाव लिहितात आणि केंद्रात ते नाव सांगितलं की "नाही" असंच उत्तर येतं, मग लोक म्हणतात तिथे काही मिळत नाही. स्ट्रिपवर मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव आणि मिलिग्रॅम असतं, ते सांगायचं. आमच्या सासऱ्यांची बीपीची गोळी म्हणजे टेल्मिसार्टन ४०, एवढं म्हटलं की काउंटरवरचा मुलगा मागे न बघता काढून देतो, खर्च निम्म्याच्या खूप खाली आला. सॅनिटरी पॅडही तिथे १ रुपयाला एक आहे, पोरींना सांगून ठेवा.

नंबर मोबाईलमध्ये आत्ताच टाका: अ‍ॅम्ब्युलन्स १०८, फुकट, ड्रायव्हरला चहापाणीसुद्धा द्यायचं नाही. मन थाऱ्यावर नसेल, झोप उडाली असेल, रडू येत असेल तर टेलीमानस १४४१६. नवीन शहरात पहिलं वर्ष फार एकटं जातं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

वकील

घटस्फोट, मारहाण, पगार बुडवला, पोलिसांचं काही लचांड, कशालाही वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, फुकट वकील मिळतो. बायका, लहान मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, कामगार, कोठडीत असलेले यांना उत्पन्नाची अटच नाही, बाकीच्यांना महाराष्ट्रात ३ लाखांपर्यंत. फोन १५१००. फुकटचा वकील म्हणजे टाकाऊ वकील असं आमच्या शेजारणीला वाटत होतं, तिला मिळालेली बाई खमकी निघाली.

प्रवास

पीएमपी म्हणजे शहरातली बस, तिचे भाव जून २०२५ मध्ये वाढले. दिवसाचा पास आता पुणे-पिंपरी हद्दीत ७०, महिन्याचा १५००. आधी हिशोब करा, पाच किलोमीटरच्या आत १० चं तिकीट आहे, दोनदाच जायचं-यायचं असेल तर पास घेणं म्हणजे उगाच दान, पण घर शोधत किंवा इंटरव्ह्यू देत दिवसभर फिरायचं असेल तर पास घ्याच, कंडक्टरकडेच मिळतो, ओळखपत्र जवळ ठेवा. मेट्रोला शनिवार-रविवार सगळ्यांनाच ३० टक्के सूट आहे आणि विद्यार्थ्यांना रोजच. गावी जायला एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आणि ७५ च्या पुढच्यांना फुकट, आधार कार्ड सोबत पाहिजे. पीएमपीला हे लागू नाही, दरवेळी कुणीतरी काकू भांडतातच.

वाचायला, अभ्यासाला, शाळेला

पेठांमध्ये खासगी अभ्यासिकांनी नुसता धंदा मांडलाय, एक खुर्ची, एक प्लग पॉइंट आणि महिन्याला हजार-बाराशे. त्याआधी महापालिकेच्या अभ्यासिका बघा, फी किरकोळ असते, जागा मिळायला नंबर लावावा लागतो म्हणून आल्या आल्या नाव द्या. वाचनाची आवड असेल तर पुणे नगर वाचन मंदिर, लक्ष्मी रोडला, १८४८ चं आहे, म्हणजे भिडेवाड्यातली मुलींची शाळा निघाली त्याच वर्षीचं. नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११ चं. वर्गणी एका पिझ्झापेक्षा कमीच पडेल. सकाळी वाचनालयात गेलात तर पेपरसाठी अलिखित रांग असते, एक आजोबा पहिलं पान वाचत असतील तर दुसरे शेजारी चष्मा पुसत उभे, मधे हात घालायचा नाही, मी एकदा घातला आणि तिघांनी एकदम वर बघितलं.

कॉलेजला आलेल्या गावाकडच्या पोरांनी विद्यार्थी साहाय्यक समितीची चौकशी करा, १९५५ पासूनची संस्था, गरजू मुलामुलींसाठी वसतिगृह, थोडं कामही करावं लागतं. प्रवेश मर्यादित आहेत, निकाल लागला की लगेच अर्ज टाका. मुलींनी आणखी एक बघायचं, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि आर्थिक मागास, ओबीसी किंवा एसईबीसीत असाल तर २०२४-२५ पासून व्यावसायिक कोर्सची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. कॉलेज आधी भर म्हणतं, मग वाद.

लहान मुलांसाठी आरटीईचे म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांतले २५ टक्के फुकट प्रवेश, आर्थिक दुर्बल गटातून भरायचा तर उत्पन्न १ लाखाच्या आत, आणि शाळा घरापासून किती लांब ते मोजतात, म्हणून पुन्हा तोच भाडेकरार. फॉर्म साधारण जानेवारीच्या आसपास सुटतात, तेव्हा गावी लग्नात नका अडकू.

पुस्तकं जुनी घ्यायची तर अप्पा बळवंत चौक, घरसामान जुनं घ्यायचं तर जुना बाजार, मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरतो. मिक्सर घेतलात तर तिथेच प्लग लावून बघा.

करमणूक

टेकड्या फुकट आहेत. तळजाई, वेताळ टेकडी, पर्वती, पहाटे गेलात तर अर्धं पुणे भेटतं आणि भाडं कुठे कमी आहे, कामवालीचा नंबर, नोकरी, सगळं तिथेच कळतं. सारसबागेला तिकीट नाही. बालगंधर्वच्या कलादालनात कुणाचं ना कुणाचं चित्रांचं प्रदर्शन असतं, आत जायला कुणी अडवत नाही. वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली, एप्रिल-मेमध्ये महिनाभर टिळक स्मारक मंदिरात, तिकीट असलंच तर नावापुरतं, आणि उन्हाळ्यात पंख्याखाली बसायला मिळतं हा बोनस. लॉ कॉलेज रोडला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जुने सिनेमे दाखवतात, कार्यक्रम बघून जा, आधी येईल त्याला जागा.

पोरं असतील तर २८ फेब्रुवारी कॅलेंडरवर गोल करून ठेवा. विज्ञान दिन, विद्यापीठातलं आयुका (खगोलशास्त्राची संशोधन संस्था) सगळ्यांसाठी खुलं असतं, फुकट. रांग भयंकर असते, पाणी, टोपी आणि चिवड्याचा डबा न्या, शास्त्रज्ञांना पोरांनी कितीही येडचाप प्रश्न विचारले तरी ते नीट उत्तर देतात, माझ्या लेकीने "चंद्रावर रेशन कोण देतं" विचारलं होतं.